नाखव्याची पाठ

दगडी डोणीतलं पाणी बदलायचं म्हणून अँब्रोजने कासव दोन्ही हातांनी वर उचललं, आणि त्याच्या पाठीचा एक तुकडा सुटून अँब्रोजच्या अंगठ्याला चिकटला.

तुकडा लहानसाच होता. कांद्याच्या सालीसारखा पातळ, कडेला वळलेला. अँब्रोजने तो उजेडात धरला, तर त्याच्याआड खाडीवरचा रेल्वेचा पूल पिवळट दिसला. एका हातात कासव आणि दुसऱ्या हातात कासवाची पाठ, असा तो थोडा वेळ उभाच राहिला. कासव हवेत पाय मारत होतं. मग त्याने ते फळीवर ठेवलं आणि वाकून पाहिलं. आणखी दोन-तीन चकत्यांच्या कडा उचलल्या होत्या. एकीला त्याने नख लावलं, तर ती हलली. तापल्या तव्यावरून घ्यावा तसा त्याने हात मागे घेतला.

कासव त्याचं स्वतःचं असतं तर गोष्ट वेगळी होती. ते धाकूचं होतं. खरं तर धाकूचंही नव्हतं, धाकूच्या मेलेल्या बायकोचं होतं.

ठाण्याच्या खाडीला, कोपरीच्या काठाला अँब्रोजची होड्या बांधायची शेड होती. धाकू कोळ्याची होडी दर उन्हाळ्याच्या अखेरीला त्याच शेडमध्ये ओढली जायची. धाकूने तिला दुसऱ्या सुताराचा हात कधी लागू दिला नव्हता. दोघांचं देऊळ वेगळं, सण वेगळे. पण नाताळाच्या करंज्या धाकूच्या घरी जायच्या आणि नारळी पौर्णिमेचा नारळीभात अँब्रोजच्या घरी यायचा. एका पावसाळ्यात वरून आलेल्या लोंढ्याबरोबर हे कासव धाकूच्या जाळ्यात आलं. गोड्या पाण्याचं कासव, खाडीत सोडलं तर मरेल, म्हणून धाकूच्या बायकोने, ठमाबाईने, ते घरी आणलं. दगडी डोणीत पाणी भरलं, मधोमध एक दगड ठेवला. कासव त्या दगडावर चढून मान वर काढून बसायचं, जणू बाकीची सगळी माणसं त्याचे खलाशी. ठमाबाई त्याला नाखवा म्हणू लागली. घरात नाखवे दोन झाले, पण माझं ऐकतो तो एकच, असं ती सगळ्यांना सांगायची.

नाखवा तिचं ऐकायचा हे खरं होतं. लग्नात उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या समुद्राला वाहिल्या, तेव्हा त्या हातात घातलेली चांदीची बांगडी ती डोणीच्या काठावर वाजवायची. टण् टण् झालं की नाखवा पोहत तिच्या बोटांपाशी यायचा. गेल्या थंडीत ठमाबाई तापाने गेली. त्यानंतर धाकू तीच बांगडी काठावर वाजवायचा आणि नाखवा यायचा. शेजारपाजारचे म्हणत, म्हातारा बायकोशी बोलतो. धाकूने ते कधी नाकारलं नाही.

राणीच्या ज्युबिलीच्या पणत्या ठाण्यात लागल्या त्या साली, शिमगा उरकता उरकता, कल्याणहून निरोप आला. धाकूची मुलगी भागीरथी तिथल्या कोळीवाड्यात दिलेली. तिच्या नवऱ्याच्या पायावर डोलकाठी पडून पाय मोडला होता. तो बरा होईपर्यंत त्याची होडी कुणीतरी चालवायला हवी होती. धाकू निघाला, आणि निघताना डोणी, दगड आणि कासव बैलगाडीत घालून अँब्रोजच्या शेडवर आला.

"बरोबरच ने की कल्याणला," सिडनी म्हणाला. सिडनी अँब्रोजचा चुलतभाऊ. शेडमध्ये लाकडं कापायचा. करवतीला दात कमी आणि याच्या जिभेला जास्त, असं अँब्रोजची बायको अ‍ॅग्नेस म्हणायची.

"नाखवा हाय तो. त्याला पयल्या वर्गात बसवायला लागंल," धाकू म्हणाला. "आणि तिथं सायेब लोक घाबरतील."

मग त्याने अँब्रोजला सगळं समजावून सांगितलं. पाणी विहिरीचं, खाडीचं नाही. एकदम सगळं बदलायचं नाही, अर्धं काढायचं, अर्धं ठेवायचं. दगड पाण्याच्या वर राहिलाच पाहिजे आणि त्याच्यावर सकाळचं ऊन पडलंच पाहिजे. पण दुपारी डोणीच्या एका बाजूला सावली हवी, नाहीतर पाणी चटका देईल. खायला ताजी कोलंबी, गांडुळं, भोपळ्याचा पाला. सुकट नाही, ती खारी. शिजवलेला भात तर मुळीच नाही. उरलेलं काढून टाकायचं, नाहीतर पाण्याला वास येतो. कावळ्यांवर लक्ष, मुंगसावर जास्त.

"आणि ही घे," म्हणत त्याने कनवटीची बांगडी काढून अँब्रोजच्या तळहातावर ठेवली. "वाजवल्याशिवाय खाणार नाय तो. सवय हाय."

अँब्रोज मोजूनमापून काम करणारा माणूस. त्याने डोणी शेडच्या पूर्वेच्या बाजूला ठेवली, राळेच्या कढईपासून आणि भुशापासून लांब. बांबूच्या कामट्यांचं झाकण केलं. ऊन आत येईल पण मुंगसाचं तोंड आत जाणार नाही, अशा फटी ठेवल्या. कोलंबी स्वतः सोलायचा.

"ईस्टरपर्यंत उपासकाळ आमचा, आणि ताजी कोलंबी त्याला," अ‍ॅग्नेस म्हणाली.

"तो क्रिस्तांव नाय."

"क्रिस्तांव असता तरी तुझ्यापेक्षा बरा. निदान जेवताना गप बसतो."

पहिले काही दिवस अँब्रोज बांगडी वाजवायचा तेव्हा नाखवा दगडाआड दडायचा. मग हळूहळू यायला लागला. पहिल्यांदा अँब्रोजच्या बोटातून त्याने कोलंबी घेतली, तेव्हा अँब्रोजने घरी जाऊन ते दोनदा सांगितलं. अ‍ॅग्नेसने दोनदा ऐकून घेतलं.

आणि आता त्याची पाठ सुटत होती.

अँब्रोजने हातातला तुकडा अ‍ॅग्नेसला दाखवला. तिने तो बोटावर घेतला, वास घेतला आणि छातीवर क्रूस काढला.

"धाकूला निरोप धाड," ती म्हणाली. "कल्याण काय विलायत नाय. सकाळच्या गाडीला कुणीपण जाईल."

"काय निरोप धाडू? तुझ्या बायकोचं कासव माझ्या हातात सोलतंय म्हणून?"

"असंच धाड. सोलतंय तर सोलतंय."

"त्यानं मना एक जीव सांभाळायला दिला. एक. आणि तोपण मना जमला नाय, हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळवू?"

सिडनी करवत थांबवून ऐकत होता. "मरणार असला तर आजच मरू दे," तो म्हणाला. "उपासकाळात मटण वर्ज्य, पण कासव मासळीतच धरतात म्हणे. पाद्रीसायबाला इचारून सांगतो."

अँब्रोज हसला नाही. तो फळीवरच्या कासवाकडे बघत होता. त्या बघण्यातच पुढचं सगळं ठरलं.

कारण अँब्रोज होड्यांचा सुतार होता. जन्मभर त्याने एकच रोग पाहिला होता आणि त्यावर एकच औषध केलं होतं. फळ्या सुकतात, जोड उघडतात, आत पाणी शिरतं, होडी बुडते. म्हणून जोड उघडायच्या आत ते बंद करायचे. नाखव्याची पाठ त्याने आजवर पाठ म्हणून पाहिली होती. आता वाकून नीट पाहिलं तर तिथे त्याला उलटी घातलेली होडी दिसली. मधोमध कणा, दोन्ही बाजूंना एकाला एक लावलेल्या चकत्या, आणि चकत्यांमधले जोड. ते जोड उघडत होते. म्हणजे पाणी आत शिरत असणार. एकदा हे दिसल्यावर त्याला दुसरं काही दिसेना.

त्याने काम घाईने केलं नाही. ओल्या लाकडावर राळ धरत नाही, म्हणून नाखव्याला डोणीतून काढून रंध्याच्या मऊ सालींवर ठेवलं आणि पाठ कोरडी होऊ दिली. उचललेल्या कडा बोथट पटाशीने हलकेच दाबून बसवल्या. चकत्यांमधल्या रेघांत कापसाचा धागा दाबून भरला, होडीला भरतात तसाच, फक्त हातोडीऐवजी नखाने. राळ आणि तेल कढवलं, थंड केलं, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिलं. तान्ह्या पोराच्या अंघोळीचं पाणी पाहावं तसं. मग मऊ कुंचल्याने पूर्ण पाठीवर एक हात फिरवला. सुकल्यावर दुसरा. नाखव्याने मान आत ओढून घेतली होती. अँब्रोज काम करताना त्याच्याशी बोलत होता, झालं, झालं, आता थोडंच राहिलं, असं.

काम झालं तेव्हा पाठ काळी, चकचकीत दिसत होती. सिडनीने येऊन पाहिलं आणि यावेळी त्याला चेष्टा सुचली नाही.

"नवा केलास रे," तो म्हणाला.

अँब्रोजने नाखव्याला पाण्यात सोडलं. त्या रात्री त्याला शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी नाखवा बांगडीला आला नाही. थकला असेल, असं अँब्रोजला वाटलं. त्याच्या पुढच्या दिवशीही आला नाही. कोलंबी पाण्यात तशीच पडून राहिली आणि अँब्रोजने ती काढून टाकली. नाखवा दगडावर चढेना. डोणीच्या कोपऱ्यात राहायचा, एका अंगाला कलून, मागचा उजवा पाय आखडून. बुडी मारायचा आणि लगेच वर यायचा. पाठीला सुटलेलं काही नव्हतं. जोड सगळे बंद होते. अँब्रोज सकाळ-संध्याकाळ बोट फिरवून तपासायचा आणि काम कुठे चुकलं ते त्याला सापडायचं नाही. काम चुकलं नव्हतंच.

पवित्र शुक्रवारी तो देवळात गुडघे टेकून बसला, तेव्हा सगळं देऊळ तारणाऱ्याच्या जखमांचं ध्यान करत होतं आणि हा एका कासवाच्या मागच्या पायाचं. त्याला त्याची लाज वाटली, पण ध्यान बदललं नाही.

ईस्टर होऊन गेला आणि धाकू परत आला. जावई काठी टेकून होडीपर्यंत जाऊ लागला होता. स्टेशनातून धाकू घरी गेलाच नाही, गाठोडं घेऊन सरळ शेडवर आला. लांबूनच म्हणाला, "काय म्हणतोय माझा नाखवा?"

अँब्रोज हातातलं काम ठेवून पुढे आला. त्याने खिशातली बांगडी काढून पुढे केली. धाकूने ती घेतली नाही. अँब्रोजच्या हातातच असताना तिला बोटाने धरून त्याने डोणीच्या काठावर वाजवली, हसत हसत, दोघांचे हात एकत्र. टण् टण्.

पाणी हललं नाही.

धाकूने झाकण काढलं आणि आत पाहिलं. त्याचं हसू एकदम गेलं नाही. ते तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे बदलले. अँब्रोजने आयुष्यात माणसं बुडालेली पाहिली होती, त्यांच्या घरच्यांना निरोप द्यायला तो गेला होता. पण असा चेहरा त्याने पाहिला नव्हता.

"यो कुणाचा?" धाकूने विचारलं.

"तुझाच."

धाकूने बाह्या वर केल्या आणि नाखव्याला बाहेर काढलं. बोटाने पाठ चाचपली. बोटाचा वास घेतला. कासव उलटं केलं. मागच्या उजव्या पायाशी राळेचा ओघळ उतरला होता आणि तिथेच घट्ट झाला होता. पायाची कातडी आणि पाठीची कड यांच्यामध्ये. पाय हलायला जायचा आणि ओढला जायचा. अँब्रोजने रोज वरून पाठ तपासली होती. खालून कधी पाहिलं नव्हतं, कारण होडी खालून पाहायची म्हणजे उलटी घालावी लागते, आणि इथे होडी उलटीच होती.

"पाठ सुटत होती त्याची," अँब्रोज म्हणाला. "तुकडे पडत होते. मी जोड बंद केले."

"पाठ सुटते त्याची," धाकू म्हणाला. आवाज चढला नव्हता. "दर उन्हाळ्यात सुटते. जुनी चकती जाते, खाली नवी तयार असते. अशानंच तर वाढतो तो. ठमानं त्याच्या चकत्या गाडग्यात जपून ठेवल्यात. कशालाही उपयोग नाय त्यांचा, तरी ठेवल्यात."

अँब्रोज फळीवर बसला.

"मग मना सांगितलं का नाय? पाण्याचं सांगितलंस, उन्हाचं सांगितलंस, मुंगसाचं सांगितलंस."

धाकूने कासव परत सरळ केलं. त्यालाही हे आत्ताच उमगत होतं. "तुझ्या घरी पोर ठेवला," तो शेवटी म्हणाला, "तर जाताना कुणी सांगतं काय, की याचे दात पडतील म्हणून?"

सिडनी करवत घेऊन शेडच्या पलीकडच्या टोकाला गेला.

अँब्रोज उठला आणि त्याने पटाशी हातात घेतली. "मी काढतो. मीच लावलीय, मीच काढतो. कड मना दिसतेय."

"हत्यार ठेव खाली."

"हलक्या हातानं..."

"अँब्रोज. मी तुझ्याकडं कासव ठेवलेलं. होडी नाय ठेवलेली."

अँब्रोजने पटाशी खाली ठेवली. तेवढ्यात अ‍ॅग्नेस घरातून वाटीत कोमट खोबरेल आणि जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन आली. तिने आतून सगळं ऐकलं होतं. तिने ते धाकूपुढे ठेवलं आणि नवऱ्याकडे न बघता परत गेली. धाकू जमिनीवर बसला. तेल बोटावर घ्यायचं, पायाच्या कडेला चोळायचं, राळ मऊ झाली की फडक्याने टिपायची, परत तेल. अँब्रोज वाटी धरून शेजारी बसला होता. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं आणि ऊठही म्हटलं नव्हतं. ऊन कलेपर्यंत पायाची कड मोकळी झाली. पाय हळूच लांब झाला, हवेत एकदा ढकलला गेला आणि परत आत गेला. पाठीवरची राळ तशीच होती. ती इतकी चांगली लागली होती, की तेलाला दाद देईना.

"पाठीचं?" अँब्रोजने विचारलं.

"पाठीचं त्याच्यावर हाय आता. जगला तर टाकील. नाय जगला तर..." धाकूने वाक्य सोडून दिलं. "गाडी सांग कुणाची तरी. डोणी न्यायचीय."

जाताना तो एवढंच म्हणाला, की या वर्षी होडी नौपाड्याकडच्या सुताराकडे घालीन म्हणतो. अँब्रोजने मान हलवली. बैलगाडी दिसेनाशी झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की बांगडी आपल्या खिशातच राहिली आहे.

ती परत द्यायला जायला हवं होतं. अँब्रोज दोनदा निघाला. एकदा कोळीवाड्याच्या विहिरीपर्यंत पोचला आणि तिथून वळला, कारण नाखवा मेला असेल तर धाकूच्या दारात उभं राहून बांगडी पुढे करणं त्याच्याने होणार नव्हतं. तो मेला असं कुणी म्हणत नव्हतं. जगला असंही कुणी म्हणत नव्हतं. अ‍ॅग्नेस बाजारात धाकूच्या शेजारणींना भेटायची, पण घरी येऊन सांगायची नाही. विचारलं तर म्हणायची, तुला पाय हायत. काठावर होड्या एकेक करून वर ओढल्या जाऊ लागल्या. धाकूच्या होडीची जागा शेडमध्ये रिकामीच राहिली. तिथे दुसरी होडी घालू या, असं सिडनी एकदा म्हणाला. अँब्रोज ऐकू न आल्यासारखा राहिला आणि सिडनीने परत विचारलं नाही.

हवा दमट झाली होती, मुंग्या अंडी घेऊन वर चढू लागल्या होत्या, तेव्हा एका सकाळी धाकू शेडमध्ये आला. अँब्रोज फळीवर रंधा मारत होता. धाकूने काही न बोलता मुठीतलं काहीतरी फळीवर ठेवलं.

चकती होती. एक नव्हे, दोन, शेजारशेजारच्या. वरून काळ्या, चकचकीत. पाठीवरून सुटतानाही त्या एकमेकींपासून सुटल्या नव्हत्या. मधला जोड तसाच होता. कापूस तसाच होता.

अँब्रोजने त्या उचलल्या. मग, सवयीनेच, काय करतो आहोत हे कळायच्या आत, त्याने चकत्या उताण्या धरल्या आणि तांब्यातलं थोडं पाणी त्यांच्या खोलगट भागात ओतलं. दोघेही बघत राहिले. खालून एक थेंबही आला नाही.

"नाय गळत," धाकू म्हणाला. "मीपण बघितलं घरी."

अँब्रोजने चकत्या परत फळीवर ठेवल्या.

"तो?"

"चल," धाकू म्हणाला. "आणि बांगडी घे. त्या दिवसापासनं बोट वाजवून खायला घालतोय मी. रुसल्यासारखा खातो."

धाकूच्या अंगणात डोणी आंब्याच्या कडेला होती, निम्मी उन्हात, निम्मी सावलीत. नाखवा दगडावर बसला होता. अँब्रोज लांबच थांबला. पाठीवर तीन-चार ठिकाणी राळेचे काळे ठिपके राहिले होते. त्यांच्यामध्ये नव्या चकत्या, ओल्या मातीच्या रंगाच्या, त्यांच्यावरच्या रेघा स्पष्ट. इतकं नवं आणि न हाताळलेलं काहीतरी आपल्या राळेखाली सगळा वेळ तयार होत होतं, हे अँब्रोजच्या मनात शिरेना. त्याने जे बंद केलं होतं ते आतून उघडतच होतं.

"वाजव," धाकू म्हणाला.

"तू वाजव."

"वाजव रे. तुझ्या हातून खाल्लंय त्यानं."

अँब्रोजने वाकून बांगडी काठावर वाजवली. टण् टण्.

नाखव्याने मान वर केली. अँब्रोजकडे पाहिलं. मग मान, चारही पाय आणि शेपूट असं सगळं एकदम आत ओढून घेतलं, आणि दगडावरून घसरून पाण्यात गेला.

अँब्रोज वाकलेला तसाच राहिला.

धाकूने त्याच्या हातातून बांगडी घेतली. "ओळखलं तुला," तो म्हणाला, आणि काठावर वाजवली. थोडा वेळ काही झालं नाही. मग पाण्याखालून ती पाठ हळूहळू धाकूच्या बोटांकडे आली. धाकूने कोलंबी पुढे केली, नाखव्याने ती घेतली, आणि धाकू खाली बघतच म्हणाला, "होडी उद्या भरतीला आणतो. जोड बघून ठेव. डाव्या अंगाचे सुटलेत."

"नौपाड्याचा सुतार?"

"त्याची राळ टिकत नाय," धाकू म्हणाला.